गळाला लागलेले प्रश्न : रविवार नको, अष्टमी बघा

प्रश्न : माझा मेहुणा अमेरिकेत ऑरेगॉनला असतो. तिकडे न्यूपोर्ट बंदरातून चार्टर बोटीने गेला आणि रॉकफिश, लिंगकॉड असे क्रेट भरून मासे घेऊन आला, फोटो फॅमिली ग्रुपवर, वर ज्ञान की याला ग्राउंडफिश म्हणतात. आम्ही चौघांनी पण जिद्दीने मुंबईतून बोट ठरवली. रविवार होता, पौर्णिमेचा दुसरा दिवस, पहाटे काय चांदणं होतं! आठ तासांत मिळाले दोन शिंगाळे, बाकी उलट्या. आपल्याकडे असा दिवस मिळतच नाही का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : उलट्यांचं सोडा, त्या मलाही होतात. पण दादा, उत्तर तुम्हीच लिहून पाठवलंय, पौर्णिमेचा दुसरा दिवस! अहो ते उधाण. उधाणाला मुंबईत पाणी साडेतीन-चार मीटर चढतं-उतरतं, आणि एवढं पाणी सहा तासांत आत यायचं आणि सहा तासांत बाहेर जायचं म्हणजे ओढ किती असेल बघा, पाव किलोचं शिसं टाकलं तरी ते तळाला न बसता पतंगासारखं मागे उडत राहतं. तळाचा मासा तळाला बसलाय आणि तुमची गरी मधल्या पाण्यात फिरतेय, मग काय होणार! चांदणं मात्र फुकट मिळालं.

भांगाला जायचं, म्हणजे उधाणाच्या उलट, पाणी सगळ्यात कमी हलतं तेव्हा. अष्टमीच्या आसपास पाणी जेमतेम दीड मीटर हलतं, ओढ मरते, शिसं टक्कन खाली बसतं. कोळीवाड्यात कुणालाही विचारा, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, म्हणजे अष्टमीला आठ गुणिले पाऊण, सहा. सकाळी सहाला भरती, ओहोटीबरोबर बाहेर पडायचं, दुपारी बाराच्या सुमारास ओहोटी संपून पाणी थबकतं तेव्हा खडकावर असायचं, आणि भरतीबरोबर घरी. डिझेल पण वाचतं. (ऑफिसला रजा टाकावी लागते, अष्टमी रविवारी यायला पंचांग आपल्या बापाचं नाही.)

आता ग्राउंडफिश. ती काही एक जात नाही हो, तळाशी किंवा तळाजवळ राहणारे ते सगळे. तिकडचा रॉकफिश म्हणजेच डझनावारी जाती, आणि लिंगकॉड तर ना लिंग नावाचा मासा ना कॉड, नुसतं नाव. आपल्याकडे हेकरू, तांब, करकरा, ढोमा, घोळ, वाम, आणि हो, शिंगाळा पण. तेव्हा तुम्हीही ग्राउंडफिशच मारून आलात, मेहुण्याला कळवून टाका.

मिळतो का म्हणता, तर गेल्या हिवाळ्यातला आमचा दिवस सांगतो. भाऊच्या धक्क्यावरून सहाला निघालो, प्रॉंग्सचा दिवा (कुलाब्याच्या टोकाचं दीपगृह) डावीकडे की उजवीकडे यावरून दोघांचं भांडण, चहा सांडला, खांदेरी बेटाच्या बाहेर पोचेपर्यंत ऊन वर आलं. तांडेलाने, म्हणजे बोट चालवणाऱ्याने, मशीन बंद केलं, नांगर टाकला, दोर ताणून बघितला आणि म्हणाला, अजून नाय, खडक पुढं हाय. दोनदा नांगर उचलला. आम्ही वैतागलो, पण तिसऱ्यांदा बसलो तो बरोबर खडकाच्या कडेला, बारा वाव, म्हणजे साधारण बावीस मीटर पाणी. तळाच्या मासेमारीत अर्धी बाजी ही इथे असते, वीस हात इकडे नुसता चिखल आणि ढोमे, वीस हात तिकडे हेकरू.

शिसं खाली, वर दोन गऱ्या, एकीला माकूल (स्क्विड), एकीला कोळंबी. पहिला तास करकरेच, बोटीत आले की करकर करकर आवाज, नाव उगाच नाही पडलं. मग साडेअकरानंतर पाणी थांबलं आणि रॉड असा खाली गेला की माझा मित्र कठड्यावर आपटला. हेकरूचं तसंच असतं, घास घेतला की सरळ कपारीत, पहिले दहा फूट तुम्ही ओढून घेतले तर मासा तुमचा, नाहीतर दोरी खडकाला घासून खलास. आमच्या दोन दोऱ्या गेल्याच. तरी दीड तासात चार हेकरू, त्यातला मोठा पाच किलोच्या वर, दोन तांब, करकरे मोजले नाहीत. एकाला वाम लागली, तिने दोरीचा असा गुंता केला की दोरीच कापून टाकली.

दोन बारके हेकरू सोडले. हेकरू आधी मादी असतो आणि मोठा झाला की नर होतो, म्हणजे बारकी उचलली की अंडी घालणारीच गेली. पण नुसतं पाण्यात फेकून चालत नाही, खोलातून वर येताना आतला हवेचा फुगा फुगतो, पोट तोंडातून बाहेर येतं आणि मासा उलटा तरंगतो, घारीचं जेवण. आम्ही अडकवणारा उलटा दात मोडलेली गरी उलटी ओठात अडकवून शिशासकट तळाला पोचवले आणि झटका देऊन सोडवले. तुमच्या मेहुण्याच्या ऑरेगॉनात तर असं खाली पोचवायचं साधन बोटीवर ठेवावंच लागतं. तिकडे 2000 साली ग्राउंडफिश इतका घटला होता की सरकारने आपत्ती जाहीर केली, लिंगकॉड सावरायला 2005 उजाडलं. त्या क्रेटच्या फोटोमागे एवढं आहे.

बोट ठरवताना लाइफ जॅकेट मोजून घ्या, माणशी एक, खाली दडवलेलं नाही, अंगात. 1 जून ते 31 जुलै बंदी असते तेव्हा विचारूही नका. भरपूर बर्फ न्या, आम्ही नेहमी कमी नेतो.

प्रश्न : शिंगाळ्याचा काटा हातात घुसला, हात खांद्यापर्यंत ठणकला. बर्फ लावला तरी थांबेना. काय करायला हवं होतं?
– एक वाचक, भांडुप

उत्तर : बर्फ नाही, गरम पाणी. सोसवेल इतकं गरम, भाजेल इतकं नको, तासभर हात बुडवून ठेवा, ते विष उष्णतेने निकामी होतं. काट्याचा तुकडा आत राहिला असेल किंवा हात सुजला तर डॉक्टर, आणि धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलंय का ते बघा. पुढच्या वेळी काटे पक्कडीने आधी मोडा, सेल्फी मग.