गवतातले चमकते डोळे

प्रश्न : घोडबंदर रोडवरच्या आमच्या सोसायटीच्या लॉनवर रात्री हिरवट ठिपके चमकतात. मुलगा म्हणतो ते कोळ्याचे डोळे, मला दव वाटतं. कोण बरोबर? (ठाणे)

उत्तर : मुलगा बरोबर असण्याची शक्यता जास्त. टॉर्च कमरेशी न धरता कानशिलाला टेकवा आणि उजेडाच्या रेषेतूनच पाहा. ठिपका दिसला की नजर तिथेच ठेवून टॉर्च हातभर बाजूला न्या. डोळा असेल तर विझतो, दव मात्र कुठून तरी चमकतंच. हे डोळे बहुधा लांडगा कोळ्याचे (इंग्रजीत वुल्फ स्पायडर). त्याच्या डोळ्यांत मांजरासारखा परावर्तक पडदा असतो आणि तो उजेड आला त्याच वाटेने परत धाडतो. म्हणून टॉर्च कमरेशी असला की काहीच दिसत नाही आणि लोक ‘इथे कोळी नाहीत’ म्हणून मोकळे होतात.

ठिपक्यापाशी जाऊन वाका. डोळे आठ : खाली चार बारीक, त्यांच्यावर समोर रोखलेले दोन टपोरे, त्यांच्या मागे आणखी दोन. पाय आपटत गेलात तर तो आधीच पसार होईल, कारण जमिनीची थरथर त्याला पायांनी कळते. शिकारही तो तशीच हेरतो. दबा धरून बसतो, किडा टप्प्यात आला की झडप घालून पुढच्या पायांनी आवळतो आणि चावतो. मग पाचकरस सोडून आतलं मांस पातळ करून शोषतो. मागे उरते चघळलेली गोळी.

प्रश्न : पण पहाटे त्याच गवतावर दवाने भिजलेली जाळी असतात. लांडगा कोळी जाळं विणत नाही ना? (ऐरोली)

उत्तर : बहुतेक नाहीच विणत. हिप्पासा हा आपल्याकडचा अपवाद. गवतावर अंथरलेली चादर आणि तिच्यात नरसाळ्यासारखं बीळ दिसलं, तर तोच असावा. ती चादर चिकट नसते. किडा तिच्यावर अडखळतो, तेवढ्यात मालक बिळातून धावत येतो.

प्रश्न : बाल्कनीत पाठीवर पिल्लं घेतलेली कोळीण आली. झाडू मारला, तर पिल्लं घरभर झाली! काय करायला हवं होतं? (खारघर)

उत्तर : झाडू तेवढा नको होता. लांडगा कोळ्याची मादी अंड्यांची पिशवी मागच्या टोकाला, धागा सोडणाऱ्या अवयवांना चिकटवून फिरते. पिल्लं निघायच्या वेळी तिची शिवण दातांनी उसवते आणि पिल्लं पायांवरून पाठीवर चढतात. आठवडाभर, कधी जास्त, तिथेच बसतात, अंड्यातल्या बलकाच्या शिदोरीवर. धक्का बसला की पांगतात.

पुढच्या वेळी रुंद तोंडाचा पारदर्शक डबा हळूच पालथा घाला. काठाखाली पाय चिरडणार नाही एवढं बघा. मग लग्नपत्रिकेसारखा जाड कागद खालून सरकवा. घाई केलीत की पिल्लं गळतात. बाहेर राहिलेली पिल्लं मऊ ब्रशने डब्यात ढकला, बरीचशी पुन्हा आईवर चढतात. मग बागेतल्या पालापाचोळ्यात सोडा. तापलेल्या फरशीवर नको.

भिंतीवरचा चपटा, खेकड्यासारखे पाय पसरलेला मोठा कोळी मात्र वेगळा. त्याची मादी पिशवी छातीखाली धरते.

चावा दुर्मीळ, तोही हाताखाली दाबला गेला तर. साबणाने धुऊन बर्फ लावा. सूज पसरत गेली तर डॉक्टरांना दाखवा.