रोज किती नमुने येतात, ते आधी विचार

प्रश्न : ताई, नमस्कार. मी उमरेडची. यंदा बारावी सायन्स झाले. बायोलॉजीत मार्क चांगले आहेत, पण नीटमध्ये जमलं नाही आणि पुन्हा एक वर्ष क्लासची फी भरणं बाबांना झेपणार नाही. नागपुरात एका ठिकाणी चौकशी केली तर म्हणाले, "बारावीवर एका वर्षात डीएमएलटी (लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा), नोकरीची हमी." काका म्हणतात, "आता सगळं मशीनच करते, तू नुसत्या सुया टोचत बसशील." मी काय करू?
– एक वाचक, उमरेड

उत्तर : बेटा, आधी काकांच्या बोलण्याचं उत्तर देते. किती वर्षांचा कोर्स घ्यायचा, हे त्यातूनच तुला कळेल.

मला लॅबमध्ये लागून वर्षही झालं नव्हतं. एका पेशंटच्या प्लेन बल्बमध्ये, म्हणजे रक्त घ्यायच्या साध्या नळीत, रक्त कमी पडलं होतं, जांभळ्या झाकणाच्या बल्बमध्ये मात्र भरपूर होतं. माणूस तोच, रक्त तेच, म्हणून मी जांभळ्यातलं थोडं प्लेनमध्ये ओतलं आणि सेंट्रिफ्यूजला, म्हणजे रक्त गरगर फिरवून पाणी वेगळं करणाऱ्या यंत्राला, लावलं. मशीनने आकडे दिले : पोटॅशियम ११, कॅल्शियम ३, म्हणजे एक जीव जाईल इतकं जास्त आणि एक तितकंच कमी. मी ते रजिस्टरमध्ये उतरवायलाही घेतले. आमच्या सीनियर मॅडम मागे येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी ओळ वाचली आणि शांतपणे विचारलं, "हा पेशंट वॉर्डात बसून चहा पिऊन राहिला आहे. मग हे पोटॅशियम कोणाचं?"

जांभळ्या बल्बमध्ये ईडीटीए असतं, म्हणजे पोटॅशियमचंच मीठ. रक्त गोठू नये म्हणून ते कॅल्शियम धरून ठेवतं. मी रक्तासोबत तेही ओतलं होतं. रिपोर्ट वॉर्डात गेला असता तर त्या माणसाला नसलेल्या दुखण्याचं औषध सुरू झालं असतं, आणि खरंच उतरलेल्या पोटॅशियमने त्याचं हृदय अडचणीत आलं असतं. त्या रात्री मला झोप लागली नाही. मशीनचं काहीच चुकलं नव्हतं. त्याच्यापुढे जे ठेवलं, ते त्याने नीट मोजलं. काकांना हे सांग.

आपल्या नागपूरचा मे महिना तर वेगळीच परीक्षा घेतो. बाहेरगावच्या सेंटरवर सकाळी काढलेलं रक्त दुपारी बॅगेत घालून स्कूटरवर येतं, बाहेर ४५ डिग्री. साध्या बल्बमधल्या रक्तात पेशी जिवंत असतात, त्या साखर खात राहतात. साध्या तापमानालाच तासाला ५ ते ७ टक्के साखर कमी होते, उन्हात त्याहून जास्त. डायबेटिसवाल्याची शुगर मग नॉर्मल दिसते आणि तो निर्धास्त घरी जातो. म्हणून शुगरसाठी करड्या झाकणाचा, पेशींचं साखर खाणं रोखणाऱ्या फ्लोराइडचा बल्ब. 'कितीला काढलं, कशात काढलं' हे विचारल्याशिवाय मी नमुना घेत नाही. कलेक्शन बॉय वैतागतात. वैतागू देत.

आणि आपल्याकडचा सिकलसेल, रक्ताचा आनुवंशिक आजार. विदर्भात काम करायचं तर त्याची पहिली तपासणी, सोल्युबिलिटी टेस्ट, हाताखालून गेलीच पाहिजे. औषधाच्या नळीत थोडंसं रक्त टाकायचं, पाच मिनिटं थांबायचं आणि नळीमागे रेघांचा कागद धरायचा. रेघा दिसल्या तर निगेटिव्ह, गढूळपणात बुडाल्या तर पॉझिटिव्ह. दिसायला सोपं आहे. पण हिमोग्लोबिन फार कमी असलं तर नळी खोटीच स्वच्छ दिसते. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाचंही तेच. शिवाय पॉझिटिव्ह म्हणजे मूल नुसतं वाहक आहे की आजारी, हे ही टेस्ट सांगत नाही. त्याला हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणारी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही तपासणी लागते. समोर आठव्या महिन्याची बाई बसलेली असते तेव्हा 'पॉझिटिव्ह' हा एक शब्द किती जपून लिहावा लागतो, ते टेबलाशी उभं राहिल्यावरच समजतं.

आता कोर्स. एका वर्षाचा डीएमएलटी असतो, पण तो बीएस्सी झालेल्यांसाठी. बारावीवर एका वर्षात देतो म्हणणाऱ्यांकडे तू पैसे भरू नकोस, हे मी अगदी स्पष्ट सांगते. बारावीनंतरचा डिप्लोमा दोन वर्षांचा. घरून जमत असेल तर माझं मत पॅरामेडिकल टेक्नॉलॉजीच्या पदवीचं : बीपीएमटी, लॅबोरेटरी शाखा, नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची. तीन वर्षं आणि वर इंटर्नशिप. कुठेही गेलीस तरी दोन गोष्टी कागदावर बघ. परीक्षा कोण घेतं, आणि त्या सर्टिफिकेटवर महाराष्ट्र परावैद्यक परिषदेत नोंदणी होते का. लॅब टेक्निशियनसारख्यांसाठीचा केंद्राचा २०२१ चा कायदा आल्यापासून नोंदणीला आणखी महत्त्व आलं आहे. नोकरीच्या हमीचं सांगत असतील तर मागच्या बॅचच्या दोन मुलींशी बोलायला माग.

पण माझा खरा प्रश्न वेगळा आहे. तो तू ऑफिसात बसलेल्या माणसाला विचार : "प्रॅक्टिकलला आम्ही कुठल्या लॅबमध्ये जाणार आणि तिथे रोज किती नमुने येतात?" उत्तर गोलमोल आलं तर उठून ये. पाच-दहा नमुन्यांच्या लॅबमध्ये वर्षभरात मलेरियाची एक स्लाइड दिसणार नाही. नागपूरच्या मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयाच्या कलेक्शनच्या खिडकीशी एकदा सकाळी जाऊन उभी राहा. उमरेडची पहिली गाडी पकडलीस तर वेळेवर पोचशील. ती रांग बघ, बल्बांच्या ट्रे बघ. तुझा हात तिथे बसेल. बारीक शिरा, घाबरलेलं लेकरू, हात मागे ओढणारी आजी, हे पुस्तकात येत नाही.

स्वतःची लॅब काढायचं मनात असेल तर आधीच सांगून ठेवते. रिपोर्टवर सही पॅथॉलॉजिस्ट डॉक्टरचीच लागते, २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते स्पष्ट केलं आहे. 'डिप्लोमा करा आणि लॅब थाटा' म्हणणारा हे सांगत नाही.

बाबांना माझा नमस्कार सांग. आणि प्रवेश घेतलास की वर्ग सुरू व्हायच्या आधीच हेपॅटायटिस बीच्या लसीचा पहिला डोस घे. दुसरा एका महिन्याने, तिसरा सहाव्या महिन्यात. वापरलेल्या सुईला पुन्हा टोपण लावायचं नाही, कोणी कितीही घाई केली तरी.