कानाचं मशीन सारखं काढतोय? आधी बघा, तो ते कधी काढतो

ताई, तुमचा 14 महिन्यांचा मुलगा ऐकू येण्याचं नवीन मशीन पाच मिनिटं पण कानात ठेवत नाही, ओढून थेट तोंडात घालतो, आणि घरचे म्हणतायत राहू दे, जरा मोठा झाला की घालेल. माझ्या मुलीला तान्ही असल्यापासून दोन्ही कानांना मशीन आहे, आता ती शाळेत जाते, म्हणून अगदी कळकळीने सांगते, थांबू नका. आवाज कानात गेला तरी त्याचा अर्थ मेंदूला शिकावा लागतो आणि त्यासाठी पहिली तीन-साडेतीन वर्षं फार मोलाची असतात.

तोंडात घालतो म्हणालात म्हणून सगळ्यात आधी एक, सेलच्या दाराला लॉक आहे ना ते आजच बघा. नसेल तर बसवून मागा. सेल गिळल्याची नुसती शंका आली तरी तडक हॉस्पिटल गाठायचं, उलटी काढत बसायचं नाही, वाट बघायची नाही.

आता काढण्याबद्दल. हात धरून जबरदस्ती नको, आधी बघा तो काढतो कधी. घातल्या घातल्या काढत असेल तर बहुतेक मोल्ड, म्हणजे मशीनचा कानाच्या मापाने बनवलेला, कानात बसणारा भाग, टोचत असतो. माझी मुलगी फक्त डावं काढायची, उजव्याला हातसुद्धा लावायची नाही, मग मोल्डच्या कडेवरून बोट फिरवून बघितलं तर एका जागी बारीकशी धार लागली आणि कानात बरोब्बर तिथेच लाल ठिपका. ऑडिओलॉजिस्टनी, म्हणजे ऐकणं तपासून मशीन सेट करून देणाऱ्या तज्ज्ञांनी, ती कड घासून दिली, डावं पण राहायला लागलं. भांडं पडलं, दार आपटलं की डोळे घट्ट मिटून काढत असेल तर आवाज जास्त सेट झालेला असू शकतो, कुठल्या आवाजाला त्याने काय केलं ते ऑडिओलॉजिस्टना जसंच्या तसं सांगा. मशीनमधून शिट्टी वाजते तेव्हा मोल्ड नीट बसलेला नसतो किंवा लहान झालेला असतो, या वयात कान भराभर वाढतात त्यामुळे दर काही महिन्यांनी नवीन मोल्ड लागतोच. कान वाहत असेल किंवा हात लावला तरी रडत असेल तर आधी कानाच्या डॉक्टरांकडे.

यातलं काहीच नसेल तर मग तो नुसता खेळतोय, हाताला नवीन वस्तू लागलीये. ओरडू नका, टाळ्या पिटू नका, शांतपणे परत घाला आणि लगेच हातात काहीतरी द्या, कारण तुम्ही धावत आलात की त्याला तेच आवडतं. मशीन घालायची वेळ पण निवडा, पोट भरलेलं, झोप झालेली, टीव्ही बंद, आणि मांडीवर घेऊन जवळून बोलायचं, गाणं म्हणायचं. फारच रडला तर तुम्ही स्वतः काढा, जरा शांत झाला की परत घाला. असं करत करत अंघोळ आणि झोप सोडून पूर्ण दिवस, तिथपर्यंत पोचायचंय, त्याला वेळ लागला तरी लागू दे. मशीनला छोटी दोरी लावून शर्टच्या मागच्या बाजूला क्लिप करा म्हणजे ओढलं तरी हरवणार नाही, पातळ कापडाची कानटोपी पण चालते.

आणि रोज सकाळी घालायच्या आधी तपासायचं, हे कंटाळा आला तरी सोडू नका. ऑडिओलॉजिस्टकडे स्टेथोस्कोपसारखी एक नळी मिळते ती लावून स्वतः ऐका, आ, ई, ऊ, म, श, स म्हणून बघा, आवाज साफ येतोय का, मध्येच तुटतोय का, कारण सेल संपलेलं मशीन म्हणजे कानात कापसाचा बोळा, मग पोराने काढलं तर त्याचं काय चुकलं? घामाने, ओलाव्याने पण बिघडतं, रात्री ड्राय बॉक्समध्ये, म्हणजे ओलावा शोषणाऱ्या डबीत, ठेवत जा.

बहुतेक डिजिटल मशीनमध्ये रोज सरासरी किती तास वापर झाला त्याची नोंद असते, पुढच्या वेळी ऑडिओलॉजिस्टना ती मुद्दाम विचारा. आकडा कमी आला तर वाईट वाटून घेऊ नका, पण तो कधी आणि कुठल्या कानाचं काढतो हे तोवर वहीत लिहीत राहा आणि ती वही सोबत घेऊन जा, सेटिंग बदलायचं की मोल्ड, हे त्यांना त्यावरून पटकन कळतं.