बाईंच्या स्वेटरखाली काय आहे?

"ताई, एवढंच सांगा, टीचरकडे पिस्तूल असणं चांगलं की वाईट?"

पुण्यात रात्रीचे साडेनऊ, तिकडे टेनेसीत सकाळचे अकरा. नॅशव्हिलजवळ राहणाऱ्या या आईने कॅमेरा सुरू होण्याआधीच प्रश्न टाकला. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) मुलांच्या समुपदेशनात अमेरिकेतल्या मराठी पालकांकडून हा प्रश्न मला हल्ली वरचेवर येतो. तिच्या प्रश्नामागे कारण होतं. मार्च 2023मध्ये नॅशव्हिलच्या एका शाळेत गोळीबार झाला. नऊ वर्षांची तीन मुलं आणि तीन मोठी माणसं गेली. वर्षभराने राज्याने कायदा केला. 40 तासांचं प्रशिक्षण, शाळेची आणि पोलिसांची लेखी परवानगी असेल तर शिक्षकाला लपवून पिस्तूल बाळगता येतं. कोणाकडे आहे, हे पालकांना सांगायचं नाही.

तिचा मुलगाही नऊ वर्षांचा. सकाळी पोट दुखतं, शाळेत लघवीला जात नाही, दिवसभर धरून ठेवतो. शाळेत गोळीबार झाला तर दिवे मालवून भिंतीला चिकटून गप्प बसायचं, त्या सरावाने घाबरलाय, असं तिला वाटत होतं.

मी त्याच्याशी एकट्याशी बोलले. तिसऱ्या वेळी त्याने वहीचं मागचं पान कॅमेऱ्यासमोर धरलं. पिस्तूल कोणाकडे असेल, अशी शाळेतल्या मोठ्या माणसांची यादी! पीटीच्या कोचपुढे बरोबरची खूण, लायब्ररीतल्या बाईंपुढे प्रश्नचिन्ह. वर्गाच्या बाईंपुढे दोन प्रश्नचिन्हं. "ती मेमध्येपण स्वेटर काढत नाही," तो कुजबुजला. मागच्या आठवड्यात मैदानावर गुडघा फुटला, तर कोणालाच न सांगता वाळलेल्या रक्तानिशी घरी आला होता.

आमच्या पिढीला बाईंच्या हातातल्या पट्टीची भीती होती. पट्टी निदान दिसायची.

माझं मत विचाराल तर शिक्षकांकडे पिस्तूल नको. 2022मध्ये टेक्सासच्या युव्हाल्डीत प्रशिक्षित, सशस्त्र पोलीस सत्त्याहत्तर मिनिटं थांबून राहिले. 19 मुलं आणि दोन शिक्षिका गेल्या. पोलिसांचं तिथे हे झालं, तर 40 तास शिकलेल्या गणिताच्या बाईंकडून काय अपेक्षा ठेवायची? 2018मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका वर्गात बंदुकीच्या सुरक्षिततेचाच धडा चालू असताना शिक्षकाच्या हातून गोळी सुटली होती. ते शिक्षक राखीव पोलीसही होते.

पण तिच्या नवऱ्याचं म्हणणं उलट होतं. "पोलीस पोचेपर्यंत वर्गात कोणीतरी हवं ना?" हे वेडगळ नाही, गावाबाहेरच्या शाळांत तर मुळीच नाही. मला खटकलं ते वादाचं ठिकाण. हा वाद रोज जेवणाच्या टेबलावर, पोराच्या ताटासमोर चालायचा. तो आधी तिथून उठवायला सांगितला.

मग शाळेला मेल. नावं कळणार नाहीत, पण शाळांच्या डिस्ट्रिक्टने (त्या भागातल्या शाळा चालवणाऱ्या संस्थेने) परवानगी देण्याचं ठरवलंय का, हे विचारता येतं. कायद्यात सक्ती नाही. उत्तर आलं : कोणालाही दिलेली नाही. आईने ते वाचून दाखवलं, तर तो म्हणाला, "खोटं बोलत असतील तर?" मी त्याला 'काही होणार नाही' असं म्हटलं नाही. मुलांना ते वाक्य लगेच ओळखू येतं.

शनिवारी तो मित्राकडे राहायला जाणार होता. त्या घरात बंदूक आहे का, हे आईने कधी विचारलं नव्हतं. तिथल्या सीक्रेट सर्व्हिस या सरकारी सुरक्षा यंत्रणेने 2019मध्ये शाळांवरच्या हल्ल्यांचा अभ्यास मांडला. बंदूक वापरणाऱ्या मुलांपैकी सुमारे तीन चतुर्थांशांनी ती आईवडिलांच्या किंवा जवळच्या नातेवाइकाच्या घरून आणली होती.

"पण असं विचारणं बरं दिसतं का हो?"

"शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असती तर विचारलं असतंत ना?"

तिने मेसेज केला. पाच मिनिटांत उत्तर आलं : दोन आहेत, तिजोरीत कुलूपबंद. विचारल्याबद्दल आभारही मानले होते.

तीन आठवड्यांनी मुलगा सांगत होता की बाईंचं टेबल एसीच्या खालीच आहे. त्याने विचारलं होतं. दोन्ही प्रश्नचिन्हं खोडली होती. कोचपुढची खूण मात्र अजून आहे.