भारदस्त लिहिलं तरी फोन येतोच!

प्रश्न: ताई, मी ऑफिसमध्ये दिवसभर मेल आणि नोटिसा लिहिते. शुद्धलेखन बरं आहे, पण मेल गेला की लगेच कोणीतरी फोन करून विचारतं, नक्की काय करायचंय? साहेब म्हणतात भाषा नेमकी हवी. त्यासाठी शब्दसंग्रह वाढवू का? कालचंच वाक्य देते: 'सदर फाईलबाबत योग्य ती कार्यवाही लवकरात लवकर करण्यात यावी.'

उत्तर: शब्दसंग्रह वाढवा, त्याला ना नाही, पण दुखणं तिथे नाहीये. वाक्य भारदस्त आहे आणि माहिती शून्य! 'करण्यात यावी' म्हटलं की करणारा माणूसच गायब होतो, मग मेल चौघांना गेला तर चौघंही धरून चालणार की दुसरा बघेल. बरं कार्यवाही म्हणजे काय, तपासायची, सही करायची की नुसती पुढे पाठवायची? 'अकाउंट्सनी ही फाईल तपासून सोमवारी संध्याकाळी ५ पर्यंत परत द्यावी' असं लिहिलं असतं तर फोन आला नसता, आणि यात एकही अवघड शब्द नाही बघा.

सर्वनामांचंही तेच. 'संजयने विजयला सांगितलं की त्याची बदली झालीये.' कोणाची? समोरासमोर बोलताना मागचापुढचा संदर्भ असतो म्हणून निभावतं, मेलमध्ये नाही निभावत. सरळ नाव परत लिहा, पुनरुक्ती टाळा वगैरे निबंधासाठी ठीक आहे.

आणि 'फक्त' जपून वापरा, लोक तो वाक्यात कुठेही टाकून देतात. 'फक्त महिलांना सोमवारी प्रवेश' म्हणजे सोमवारी पुरुषांनी येऊ नये, 'महिलांना फक्त सोमवारी प्रवेश' म्हणजे बाकीचे दिवस महिलांनी येऊ नये. शब्द तेच, पण दारावर भांडण वेगवेगळ्या लोकांशी होणार! 'च'चंही असंच, 'मीच त्याला फाईल दिली' आणि 'मी त्यालाच फाईल दिली' यातलं एक चुकून दुसऱ्याच्या जागी गेलं तर चौकशीत अडकाल.

अर्थात सगळीकडे एवढं काटेकोर व्हायची गरज नाही, मैत्रिणीला 'येते गं तासाभरात' चालतं. तारीख असेल तिथे मात्र सैल सोडू नका. 'अर्ज १० तारखेच्या आत द्या' यात १० धरायची की नाही यावर दोन्ही बाजू तावातावाने भांडतात, त्यापेक्षा '१० तारखेला संध्याकाळी ६ पर्यंत अर्ज घेतले जातील' लिहून मोकळं व्हा.