वेठीस कोण कोणाला धरतो?

वडोदऱ्याच्या दांडिया बजारातल्या एका वाचकाने विचारलं आहे: 'राजस्थानातल्या बिजोलियाच्या शेतकरी आंदोलनावरच्या मराठी टिपणात "शेतकऱ्यांनी जहागीरदाराला वेठीस धरले" असं वाचलं. बरोबर आहे का? वेठ हा शब्द वेष्टनावरून आला, असं एक जाणकार सांगतात.'

साफ चूक, आणि चीड आणणारी. वेठ म्हणजे फुकट, सक्तीची राबणूक. मेवाडच्या त्या जहागिरीत ती शेतकऱ्यांकडूनच घेतली जात होती; वर चौऱ्याऐंशी प्रकारच्या लागबागा, म्हणजे जहागीरदाराच्या पट्ट्या, आणि 1903 पासून मुलीच्या लग्नावर पाच रुपये कर. 1897 पासून ते याविरुद्धच दाद मागत होते. त्यांनी जहागीरदाराची कोंडी केली म्हणा, नाकेबंदी म्हणा. संपामुळे प्रवासी 'वेठीस' धरले जातात, हेही रोज ऐकतो. अहो, कोणी त्यांना दगड वाहायला लावले का? अडकवून ठेवायचं तर 'ओलीस' आहे की!

आता वेष्टन. त्या जाणकारांनी कानाचा उपयोग करावा. वेष्टनाच्या घराण्यातून मराठीत वेढा आला, वेढणं आलं. तिथे ढ आहे. मुष्टीची मूठ, दृष्टीची दीठ, तशी संस्कृत विष्टीची वेठ. इकाराचा एकार कसा, म्हणाल तर बिल्वाचा बेल पाहा.

आणि ही विष्टी कुठे भेटते? गिरनारच्या पायथ्याशी, जुनागढच्या शिळेवर! वादळात फुटलेला सुदर्शन तलावाचा बांध रुद्रदामनाने पुन्हा बांधला, त्याचा तो लेख, इसवी सन 150 च्या सुमाराचा. त्यात राजा म्हणतो, 'अपीडयित्वा करविष्टिप्रणयक्रियाभिः': कर, वेठ आणि प्रणय यांनी प्रजेला न पिडता, स्वतःच्या खजिन्यातून बांधला. (इथे प्रणय म्हणजे प्रेम नव्हे, अडचणीच्या वेळी राजाने गोड बोलून काढलेली जादा पट्टी.) वेठ न घेणं ही दगडावर कोरण्याजोगी गोष्ट होती, म्हणजे एरवी काय चालत असेल!

आपल्या वडोदऱ्यात गुजराती माणूस कसंतरी उरकलेलं काम पाहून 'वेठ उतारी' म्हणतो. फुकट राबणारा मन लावून का राबेल? सोसण्याला तो 'वेठवुं' म्हणतो, तेही माझ्या मते याच वेठीतून निघालं. तेलंगणात 1946 साली देशमुखांविरुद्ध शेतकरी उठले ते 'वेट्टी'विरुद्धच, म्हणजे तिथल्या वेठीविरुद्ध. तिला निव्वळ द्राविडी म्हणणाऱ्यांनी आधी त्याच अर्थाची कन्नडमधली 'बिट्टी' विष्टीशेजारी ठेवून पाहावी.