कारचा सबवूफर अचानक बंद पडला. अँप नवीन घ्यावा लागेल का?

तुमच्या प्रश्नातलं एक वाक्य महत्त्वाचं आहे: 'मागच्या आठवड्यात बॅटरी बदलली, तेव्हापासून सब गप्प आहे.' सब म्हणजे ठोक्याचा मोठा स्पीकर, सबवूफर. बाकीचे चार स्पीकर वाजतायत, डिकीतल्या अँपचा (सबला ताकद देणाऱ्या अ‍ॅम्प्लिफायरचा) दिवा लागत नाही आणि दुकानदार म्हणतो अँप जळला, नवीन घ्या. थांबा. आधी बॉनेट उघडा.

अँपची जाड पॉझिटिव्ह वायर थेट बॅटरीवरून निघते आणि बॅटरीपासून वीतभर अंतरावर तिचा फ्यूज असतो. बॅटरी बदलणारा पोरगा गाडीच्या मूळ वायरी जोडतो आणि ही 'जास्तीची' वायर कोपऱ्यात तशीच सोडून जातो. स्टिरिओची वायर वेगळी असल्यामुळे गाणी चालूच राहतात, फक्त सब जातो. तुमच्याकडेही बहुतेक हेच झालंय. जोडलेली दिसली तर फ्यूज बाहेर काढून मीटरने (मल्टिमीटरने) बघा, नुसतं डोळ्यांनी नको. कधीकधी तार शाबूत दिसते आणि टोकाच्या टोपीत काळं पडलेलं असतं.

फ्यूज उडालेला असेल तर तेवढ्याच अँपिअरचा घाला. ६० च्या जागी १०० नको, आणि सिगारेटच्या पाकिटाची चांदी तर मुळीच नको. तो फ्यूज अँप वाचवायला नसतो, बॅटरीपासून डिकीपर्यंत गेलेली वायर पेटू नये म्हणून असतो. नवीन फ्यूजही लगेच उडाला तर बहुतेक वायर कुठेतरी बॉडीला घासतेय किंवा उंदराने कुरतडलीय. पावसाळ्यात गाडी आठ-दहा दिवस उभी राहिली की हा पाहुणा हमखास येतो.

पुढचा भाग डिकीत. अँपवर तीन स्क्रू शेजारीशेजारी असतात: बॅटरी प्लस, अर्थ (गाडीच्या पत्र्याला जोडलेली मायनसची वायर) आणि रिमोट. मीटर डीसी व्होल्टवर ठेवून काळी पिन अर्थवर लावा. प्लसवर गाडी बंद असताना साडेबाराच्या आसपास यायला हवेत, इंजिन चालू असताना चौदाच्या आसपास. स्टिरिओ चालू केल्यावर रिमोटवरही जवळजवळ तेवढेच. ही रिमोट वायर बारीक, बहुतेक निळी असते आणि अँपला 'ऊठ' म्हणायचं काम करते. प्लसवर बारा आहेत पण रिमोटवर शून्य, तर वायरचा एक तुकडा घेऊन प्लस आणि रिमोट क्षणभर जोडा (अर्थला लागू देऊ नका). दिवा लागला म्हणजे अँप उठतोय, दोष स्टिरिओकडे किंवा त्या बारीक वायरीत. पण ती जोडणी तशीच ठेवू नका, अँप रात्रभर चालू राहून सकाळी गाडी धक्का मागेल.

आता अर्थ. इथे मी स्वतः पैसे घालवलेत, म्हणून जरा लांबण लावतो.

मी चिपळूणचा. आमच्याकडचा पाऊस गाडीतही शिरतो. माझ्या गाडीत सब लागायचा, पण जोरात ठोका आला की अँप झोपायचा आणि दोन सेकंदांनी परत यायचा. मीटर लावला तर १२.६ व्होल्ट, म्हणजे करंट बरोबर, म्हणजे अँपच गेला असं ठरवून नवीन आणला. तोही तसाच झोपायला लागला! मग भाच्याला पुढे बसवून गाणं चालू करायला लावलं आणि मी डिकीत मीटर धरून बसलो. गाणं बंद असताना १२.६, ठोक्याला साडेनऊ. मग काळी पिन अँपच्या अर्थवर आणि लाल पिन डिकीच्या लॉकच्या उघड्या लोखंडावर धरली. तिथे शून्याच्या जवळ काहीतरी दिसायला हवं होतं, ठोक्याला तीन व्होल्ट दिसले. स्टेपनीवरचा गालिचा उचलला तर अर्थचा बोल्ट तांबूस पिठात बुडालेला, थिंबल (वायरच्या टोकाची धातूची कडी) हिरवी, आणि खालचा रंग खरवडलेलाच नव्हता. पॉलिश पेपरने पत्रा चकचकीत केला, नवीन थिंबल दाबली, वरून ग्रीस लावलं. जुना अँप आजही वाजतोय, नवा माळ्यावर आहे. लोड नसताना एका केसाएवढ्या तारेतूनही मीटरला पूर्ण बारा व्होल्ट दिसतात, हे मला तेव्हा समजलं. त्यामुळे माप घ्यायचं ते वाजत असताना.

दिवा लागला तरी आवाज नसेल तर सब तपासायला घड्याळाचा दीड व्होल्टचा सेल पुरतो. सबच्या वायरी अँपवरून सोडवा आणि सेलच्या दोन टोकांना टेकवा. कोन (सबचा हलणारा पडदा) हलला आणि 'टप्प' असा आवाज आला तर कॉइल (त्याला हलवणारं तारेचं वेटोळं) जिवंत आहे. मीटर ओहमवर लावलात तर चार ओहमचा एका कॉइलचा सब साधारण तीन ते पावणेचार दाखवतो. काहीच दाखवलं नाही तर कॉइल तुटली किंवा जळली. जळली असेल तर बॉक्सच्या तोंडाशी नाक नेल्यावर जळलेल्या वार्निशचा वास बहुतेक वेळा येतो.

सेलने 'टप्प' झालं, दिवाही हिरवा, तर राहिला सिग्नल. स्टिरिओकडून अँपला गाण्याचा सिग्नल आणणारी आरसीए पिन काढून त्या जागी मोबाईल जोडा, आवाज आधी अगदी कमी ठेवून. वाजला तर स्टिरिओच्या सेटिंगमध्ये जा. बॅटरी काढल्यावर बऱ्याच स्टिरिओंचं सगळं पुसलं जातं आणि सबवूफर 'ऑफ' होऊन बसतो.

दिवा लाल असेल, म्हणजे काहीतरी बिघाड दिसून अँपने स्वतःला बंद केलं असेल, तर सबच्या वायरी आणि आरसीए दोन्ही काढून बघा. तरीही लालच राहिला, किंवा तिन्ही स्क्रूंवर सगळं बरोबर असून दिवाच लागला नाही, तर मात्र दुकानदाराचं खरं. तेव्हाही आधी अँप दुरुस्त करणाऱ्याकडे न्या, विकणाऱ्याकडे नको. आत बहुतेक वेळा पॉवर सप्लायचे मॉस्फेट (एक प्रकारचे ट्रान्झिस्टर) गेलेले असतात आणि ते बदलता येतात.